हौदाला कान लावणारी

माझी मावशी चौतीस वर्षं बिअरच्या कारखान्यात हौदांना कान लावायचं काम करत होती. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नक्की काय करायची? तर हेच करायची. तळघरात लाकडाचे सहा मोठे हौद होते, माणसाच्या दुप्पट उंचीचे. त्यात जवाचं गोड पाणी आंबत पडलेलं असायचं. मावशी सकाळी आणि दुपारी एकेका हौदापाशी जायची, पदर खोचायची, उजवा कान लाकडाला लावायची आणि डोळे मिटायची. मग पाटीवर खडूने लिहायची, उद्या काढा, परवा काढा, थांबा. तिचं चुकल्याचं कुणाला आठवत नाही. थंडीत तो एक कान लालबुंद होऊन सोलवटायचा. गाव तिला कानमावशी म्हणायचं.

मी त्याच कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात हिशेबनीस होते. त्यामुळे जे घडलं त्यातलं निम्मं मी स्वतः पाहिलं, आणि उरलेलं मावशीने मला आणि आईला सांगितलं. तेही एकदाच.

कारखाना दोन भावांनी काढला होता. लोक त्यांना थोरले आणि धाकटे एवढंच म्हणत. बाटलीवरच्या चिठ्ठीवर दोघांचे चेहरे शेजारी शेजारी छापलेले होते, थोरल्यांना मिशा आणि धाकट्यांना चष्मा. पण गावाने पाहिले ते फक्त धाकटे. कारखाना सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले आणि थोरले परदेशी गेले, ते तिकडेच राहिले, असं सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्यांनी पुढे कामगारांची घरं बांधली, शाळा काढली, रस्त्याच्या कडेला चोवीस तास वाहणारा पाण्याचा नळ बसवला आणि त्याला नाव दिलं थोरल्यांचं. साथीच्या तापात आजूबाजूची गावं आडवी झाली तेव्हा आमच्या गावाला तारलं ते त्या नळाने. आमच्यात म्हण होती, जन्माला घातलं आईने, वाढवलं कारखान्याने.

दरवर्षी कारखान्याच्या वाढदिवसाला परदेशातून थोरल्यांचं पत्र यायचं. धाकटे ते शाळेच्या पटांगणात उभं राहून वाचायचे. थोरले सगळ्यांची विचारपूस करायचे. पुढे पुढे त्या पत्रांत त्यांचे गुडघे दुखायला लागले, केस पांढरे झाले, एका वर्षी त्यांनी दात काढल्याचं कळवलं. पोरं हसायची. मीही हसले आहे.

मावशीच्या आधी हे काम तिच्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे होतं. ते मुळात पिंपं बनवणारे कारागीर. कारखाना निघाला त्या वर्षी त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. मग धाकट्यांनी त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं आणि त्यांना तळघरात हौदांचा आवाज ऐकायला ठेवलं. आजोबा तीस वर्षं ऐकत राहिले. ते गेल्यावर आठवड्याने धाकटे स्वतः आमच्या घरी आले. घरात फक्त माझी आजी आणि तिच्या दोन मुली. चहा घेतला, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलले आणि विचारलं, "दोघींपैकी कानाने तिखट कोण?"

आजी म्हणाली, "थोरली. शेजारणीच्या चुलीवर काय चढलंय ते ही भिंतीपलीकडून सांगते. धाकटीला हाक मारली तरी ऐकू येत नाही." धाकटी म्हणजे माझी आई.

बाईमाणूस तळघरात काम करणार म्हणून मुकादमाने तोंड वाकडं केलं, पण मालकांपुढे त्याचं काय चालणार? मावशी दुसऱ्या दिवसापासून कामावर जायला लागली.

तिला शिकवायचं फारसं काही उरलंच नव्हतं. शेवटच्या आजारात आजोबांनी तिला सगळं सांगून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी हौदातून सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी तळणीत काहीतरी टाकल्यासारखा. तिसऱ्या दिवशी आत दहा माणसं हलक्या आवाजात भांडतायत असं वाटतं, आणि मग एकेक जण गप्प होत जातो. शेवटचा गप्प झाला की हौद काढायचा. आणखी एक गोष्ट आजोबांनी सांगितली होती, मुठीत तिचं मनगट धरून. "चौथ्या हौदाखाली तीनदा वाजलं तर कुणाला आत उतरू देऊ नकोस. का म्हणून विचारलं तर काहीही सांग. आणि मालकांनी विचारलं, चौथा काय म्हणतो, तर म्हणायचं, काही नाही. कळलं? काही नाही."

तिने का म्हणून विचारलं. आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ती टकटक तिने पहिल्यांदा ऐकली नोकरीच्या पाचव्या महिन्यात, भर दुपारी बारा वाजता. वर बाटल्यांचा खणखणाट चालू होता. चौथ्या हौदात तिसऱ्या दिवसाची कुजबुज होती आणि त्या कुजबुजीच्या खालून, हौदाच्या नव्हे तर त्याच्याही खालच्या दगडातून, टक, टक, टक. दारावर कुणी शहाण्या माणसाने वाजवावं तसं. घाई नाही, जोर नाही. तिने कान काढला. परत लावला. काही नाही. ती म्हणाली, "भीती नाही वाटली ग. मला वाटलं मी दार उघडायला उशीर केला."

त्याच दिवशी दुपारी चारला धाकटे खाली आले. ते रोज यायचे. सहाही हौदांसमोरून न थांबता चालत जायचे आणि चौथ्यापाशी उभे राहायचे. "चौथा काय म्हणतो?"

"काही नाही, मालक."

ते थोडा वेळ तसेच उभे राहायचे. चष्मा काढून पुसायचे आणि वर जायचे. पुढची अकरा वर्षं, सुट्टीचा दिवस सोडून, रोज हाच प्रश्न आणि हेच उत्तर. पाय गेल्यावर दोन माणसं त्यांना खुर्चीत बसवून खाली आणायची. मावशीला वाटायचं म्हाताऱ्याचा चौथ्या हौदावर जीव आहे, त्यांनी स्वतः उभा केलेला म्हणून असेल. वडिलांनी सांगितलेलं खोटं तिला डाचायचं, पण वडिलांचा शेवटचा शब्द मोडायचं तिच्या मनात आलं नाही.

टकटक वर्षातून तीन-चार वेळा व्हायची. एकदा ती हौद धुवायच्या दिवशी झाली. हौद रिकामा झाला की त्याच्या तळाशी असलेल्या छोट्या दारातून माणूस आत शिरून तो घासायचा. आंबताना एक वायू सुटतो, त्याला आम्ही जड हवा म्हणायचो. तिला ना रंग ना वास. ती पाण्यासारखी खाली साचून राहते आणि तिच्यात उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो. म्हणून आधी साखळीला मेणबत्ती बांधून आत सोडायची, विझली नाही तरच उतरायचं. त्या दिवशी मेणबत्ती छान जळत होती. मावशी मात्र दारात आडवी बसली.

मुकादम आधी चेष्टेत म्हणाला, कानमावशीला आज हौदातून निरोप आलाय. मग चिडला. तिने सांगितलं, माझा पाय मुरगळलाय, मला उठवत नाही. चौघांनी उचलून बाजूला करायची भाषा केली तेव्हा म्हणाली, हात लावून बघा. अर्धा तास असा गेला. मुकादमाने केवळ तिला खोटं पाडायला म्हणून मेणबत्ती पुन्हा सोडली, आणि ती दाराच्या आत हातभर गेल्याबरोबर विझली. दुसरी लावली, तीही विझली. तिला पाणी आणून दिलं ते मुकादमाने, आणि त्यानंतर मरेपर्यंत तो तिच्याशी अदबीने वागला. तिने असं तीनदा केलं. तीनदाही माणसं वाचली. गावात बोललं जायचं की हिला काहीतरी कळतं, आणि गरोदर बायका तिच्यासमोरून जाताना जरा भरभर चालायच्या.

मावशीने लग्न केलं नाही. एक स्थळ आलं होतं, माणूस बरा होता, दूधवाला. पण तो बोलत असताना हिचं डोकं एका बाजूला कलतं आणि ही त्याचं बोलणं सोडून त्याच्या आतलंच काहीतरी ऐकत बसते, असं म्हणून त्याने नाद सोडला. आई हे सांगताना हसायची, मावशी हसायची नाही.

धाकटे गेले. त्या वर्षीही पत्र आलं, पण ते थोरल्यांचं नव्हतं. थोरलेही तिकडे वारले असं कुणीतरी कळवलं होतं. गावाने दोघांना एकदमच निरोप दिला. कारखाना धाकट्यांच्या एकुलत्या एक मुलीने चालवायला घेतला. तिला सगळे बाईसाहेब म्हणत. तिने तेवीस वर्षं नेटाने चालवला. पण मोठ्या कंपन्यांपुढे टिकाव लागेना, आणि पंचाहत्तरी गाठल्यावर तिनेच ठरवलं की आता पुरे. शेवटचा हौद निघाला. कामगारांची घरं त्यांच्या नावावर झाली, शाळा आणि नळ गावाकडे गेले. यंत्रं विकली, आणि लाकडी हौद उतरवायला माणसं आली.

पाच उतरवून झाले त्या दिवशी सकाळी दहाला बाईसाहेबांनी मावशीला वर बोलावलं. कागद आवरायला मीही तिथेच होते. मी उठायला लागले, तर बाईसाहेब म्हणाल्या, "बस. घरातल्या कुणीतरी ऐकलेलं बरं."

त्यांनी जे सांगितलं ते असं. चौथ्या हौदाखाली विहीर आहे. गार पाण्यासाठी दोघा भावांनी तळघरातच खणली होती, पण पाणी लागलं नाही. कारखान्याच्या दुसऱ्या महिन्यात एका रविवारी, कुणी कामावर नसताना, थोरले शिडी लावून विहिरीत उतरले. रात्रभर हौदांतली जड हवा वाहत जाऊन तळाशी साचली होती, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. वर दोघंच होते, धाकटे आणि पिंपं बनवणारा तो तरुण कारागीर. माझे आजोबा. खालून एक हाक आली आणि मग काही नाही. धाकटे उतरायला लागले तेव्हा आजोबांनी त्यांना कंबरेला मिठी मारून मागे ओढलं. कंदील सोडून पाहिला. विझला. पुन्हा पाहिला. विझला. दुसऱ्या दिवशी परवान्यासाठी सरकारी पाहणी होती. चाळीस कुटुंबं आपापली गावं सोडून इथे येऊन राहिली होती. धाकट्यांनी विहिरीवर लोखंडी झाकण ओढलं.

"अर्ध्या तासाने खालून वाजलं," बाईसाहेब म्हणाल्या. "तीनदा. तुझे वडील म्हणाले, मालक, उघडू या. माझे वडील म्हणाले, वायूचा आवाज आहे. तुझे वडील पुन्हा काही बोलले नाहीत. दोघं झाकणाकडे बघत बसले. मग वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर हौद उभा केला."

मावशी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

बाईसाहेब पुढे म्हणाल्या, की पत्रं बाबा स्वतःच लिहायचे. शेवटचं, निधनाचं, मी लिहिलं. हे सगळं बाबांनी मला मरताना सांगितलं. त्यांना एकाच गोष्टीने आयुष्यभर छळलं, ती टकटक वायूची होती की भावाची. भावाची असेल तर झाकणाखाली माणूस जिवंत होता. "म्हणून तुझ्या वडिलांना तळघरात ठेवलं. आंबणं ऐकायला नाही. ते नंतर आलं. वायूचा आवाज असेल तर तो पुन्हा कधीतरी येईल. माणूस मेल्यावरही येईल. एकदा जरी आला असता तरी बाबा सुटले असते. रोज विचारायला जायचे. तीस वर्षं तुझे वडील म्हणाले, काही नाही. मग तू म्हणालीस."

मावशी उठली. नमस्कार न करता खाली गेली. घरी आल्यावर जेवली नाही. आई विचारत राहिली, पण ती भिंतीला टेकून बसून होती आणि तिचं डोकं नेहमीसारखं एका बाजूला कललेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौथा हौद उतरवला. खाली आतून पोकळ असा दगडी चौथरा होता, तो फोडला तेव्हा झाकण दिसलं. गंजून काळं पडलेलं, मधोमध हातभर रुंदीचं एक छोटं कवाड, बिजागरी अजून हलणारी. इंजिनियरने सगळ्यांना मागे सारलं. पंख्याने दिवसभर हवा खेळवली. तिसऱ्या दिवशी सकाळी माणूस उतरला. आम्ही वर थांबलो होतो, बाईसाहेब, मावशी, मी. खालून माणूस काय काय दिसतंय ते ओरडून सांगत होता आणि विहीर त्याचा प्रत्येक शब्द दोनदा म्हणत होती.

शिडीच्या पायथ्याशीच हाडं होती. पालथी. चढायचा प्रयत्न झालेला दिसत नव्हता. पिंपं ठोकायची लाकडी मोगरी थोरल्यांनी उतरताना बरोबर नेली होती, ती कंबरपट्ट्याच्या कडीत तशीच अडकवलेली होती. ती काढलेलीच नव्हती. झाकणाच्या आतल्या बाजूला गंजाशिवाय एकही खूण नव्हती. इंजिनियर म्हणाला की ते उतरल्याबरोबर गेले असणार. ज्याला हात कमरेपर्यंत नेता आला नाही तो वर येऊन वाजवणार कसा?

मग त्याने आम्हाला समजावून सांगितलं. जुन्या विहिरी श्वास घेतात. बाहेरच्या हवेचा दाब उतरला की आतली हवा वर येते, दाब चढला की खाली जाते. ती वर येते तेव्हा हे कवाड उचललं जातं आणि आपटतं. त्याच वेळी जड हवा फटींतून बाहेर पसरते. म्हणजे आवाज आणि धोका बरोबरच येणार.

"पण माझ्या वडिलांना पुन्हा कधी ऐकू आलं नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "तुम्हाला दोघांनाही नाही."

मावशी म्हणाली, "येत होतं."

बाईसाहेबांनी वळून पाहिलं.

"बाबांनाही येत असणार. मला त्यांनीच सांगून ठेवलं होतं, वाजलं तर कुणाला उतरू देऊ नको आणि मालकांना सांगू नको. का ते माहीत नव्हतं. वर्षातून तीन-चारदा वाजायचं, बाईसाहेब. पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मालक चारला आले होते. त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं."

इंजिनियर कवाडाची बिजागरी बोटाने हलवत होता. मावशीने त्याला विचारलं, वाऱ्याने आपटतं तर दरवेळी तीनदाच का? दोनदा का नाही, पाचदा का नाही? त्याने खांदे उडवले. म्हणाला, कवाडाच्या वजनावर असेल काहीतरी. पण तो ते कवाडाकडे न बघता म्हणाला, आणि त्यानंतर त्याने बिजागरीवरचं बोट काढून घेतलं.

बाईसाहेब मावशीशी एक शब्द न बोलता घरी गेल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी गावाला शाळेच्या पटांगणात बोलावलं आणि सगळं सांगितलं, काही न झाकता. पत्रांची पेटी उघडून ठेवली. कुणी रागाने उठून गेलं. काही म्हातारे रडले, ते थोरल्यांसाठी की त्या पत्रांसाठी हे त्यांनाही सांगता आलं नसतं. जुने मास्तर मात्र शांतपणे म्हणाले, की दोघा भावांच्या अक्षराला एकच शेपूट होतं, मी पाहिलेल्या पहिल्या पत्रापासून मला शंका होती, पण पत्रं चांगली होती म्हणून बोललो नाही. नळाचं नाव बदलावं का यावर महिनाभर वाद झाला आणि बदललं नाही. थोरल्यांच्या हाडांना गावाबाहेर मूठमाती मिळाली. गाव लोटलं होतं.

एका संध्याकाळी आईने मावशीला विचारलंच, बाबांनी असं का केलं असेल? इतका सज्जन माणूस, मुंगी चिरडायचा नाही. मालकांना एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं?

मावशी पालेभाजी निवडत होती. म्हणाली, "मालकांनी झाकण ओढलं. पण बाबांनी तरी कुठे उघडलं? वारा की माणूस हे त्या वेळी कुठे ठाऊक होतं? सांगितलं असतं तर मालकांना झोप लागली असती. मग बाबांना एकट्याला जागावं लागलं असतं." मग म्हणाली, "हे माझं म्हणणं. त्यांनी मला काही सांगितलं नाही. भिंतीकडे तोंड केलं."

आई आपल्या बापावर असलं बोलणं ऐकून उठून गेली. दोघी बहिणी पंधरा दिवस एकमेकींशी जेवणापुरतंच बोलल्या.

बाईसाहेब आल्या त्या पावणेदोन वर्षांनी. काठी टेकत, जिना चढून. मावशीने त्यांना खिडकीतली खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, मी तुझ्यावर रागावायचा पुष्कळ प्रयत्न केला. बाबांचा प्रश्न रोज चार वाजता आठवायचा आणि तुझं उत्तर आठवायचं. पण त्या तीन वेळी तू दारात आडवी बसली नसतीस तर त्या विहिरीपायी आणखी तीन घरं उजाड झाली असती, हेही आठवायचं. त्यातलं काय खरं धरायचं ते मला ठरवता आलं नाही, म्हणून आले. मावशीने विचारलं, चहात साखर किती? त्यानंतर त्या दर आठवड्याला यायच्या. दोघी काय बोलायच्या मला माहीत नाही. बऱ्याचदा काहीच बोलायच्या नाहीत.

कारखान्याच्या जागी दवाखाना बांधायचं ठरलं तेव्हा विहीर बुजवायला घेतली. मावशीने हट्टच धरला की मी तिथे थांबणार. तिची साठी उलटली होती. मी तिला घेऊन गेले. तळघराचं छप्पर उतरवलं होतं, जिथे तिने चौतीस वर्षं मेणबत्तीच्या उजेडात काढली तिथे आता सरळ ऊन पडत होतं आणि ती जागा फारच लहान दिसत होती. सकाळी आठपासून दगडाच्या गाड्या येत होत्या. प्रत्येक गाडी रिकामी झाली की खालून आवाज यायचा, आणि प्रत्येक वेळी तो आधीच्यापेक्षा जवळून यायचा. मावशी कठड्यापाशी उभी होती. मुकादमाचा मुलगा दगड मोजत होता, त्याने तिला दोनदा सावलीत बस म्हटलं. ती बसली नाही. दुपारी चारच्या सुमारास तिने मला विचारलं, कुणी काही म्हणालं का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, बरं.

सतरा गाड्या लागल्या. अठरावी माती होती.